मधल्या थरातली चावी

(पडद्यावर: टर्मिनल, लाल ओळ)

'परमिशन डिनाइड, पब्लिककी.' म्हणजे चावी नाही, प्रवेश नाही. डॉकरचा बिल्ड, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका 'इमेज'मध्ये बांधायचं काम, इथेच अडकला होता. हेच जँगो (पायथनची वेब चौकट) ॲप लॅपटॉपवर छान चालत होतं, कारण लॅपटॉपच्या डॉट-एसएसएच फोल्डरमध्ये एसएसएचची चावी होती, दुसऱ्या मशीनला ओळख पटवणारी गुप्त फाइल. डॉकरचा बिल्ड सुरू होतो तो कोऱ्या पाटीवर.

(रिक्वायरमेंट्स फाइल, लागणाऱ्या लायब्ररींची यादी, जवळून)

ही ओळ बघा. बाकी सगळं पायपीआय या पायथनच्या सार्वजनिक भांडारावरून येतं. ही एकटी 'गिट प्लस एसएसएच'ने सुरू होते. आमची बिलिंगची लायब्ररी, खासगी रेपोतली, म्हणजे कोडच्या बंद कोठारातली. चावीशिवाय मिळत नाही.

मग घाईत सगळे करतात तेच आम्ही केलं. डॉकरफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या कृतीत, चावी आत कॉपी केली, पिप इन्स्टॉलने लायब्ररी बसवल्या, पुढच्या ओळीत आरएम, फाइल पुसायची आज्ञा. पुसली म्हणून मोकळे.

(टार फाइल उलगडताना)

डॉकर सेव्ह करून तीच इमेज उघडली. आत थरांचे गठ्ठे (फाइली बदलणाऱ्या प्रत्येक ओळीचा एक थर), एकेक स्वतंत्र टार फाइल, नावाच्या जागी लांबलचक हॅश. मधला एक सोडवला... आयडी-आरएसए, चावीचीच फाइल. जशीच्या तशी! वरच्या थरात फक्त एक रिकामी फाइल, 'डॉट-डब्ल्यूएच-डॉट-आयडी-आरएसए'. म्हणजे खालची फाइल दाखवू नकोस, एवढाच निरोप. आरएमने केलं ते इतकंच.

चावीऐवजी टोकन, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त ओळ, बिल्ड आर्ग्युमेंटमधून (बिल्डच्या आज्ञेबरोबर) दिला तर? डॉकर हिस्ट्री मारा, सरळ वाचता येतो.

(कीबोर्डवर हात)

आणि गंमत म्हणजे, यावरचा उपाय डॉकर 18.09 पासून, म्हणजे 2018 पासून आहे. बिल्डकिट, डॉकरचं बिल्ड करणारं इंजिन. डॉकरफाइलमधल्या रनच्या ओळीतच लिहायचं: माउंट, टाइप एसएसएच. चावी आत जातच नाही. चावी सांभाळणाऱ्या एसएसएच एजंटचा सॉकेट, त्याच्याशी बोलायची खिडकी, तेवढ्या एका ओळीपुरता आत दिसतो. एनपीएमचा (जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडाराचा) टोकन असेल तर टाइप सीक्रेट. तो रन-सीक्रेट्समध्ये फाइल म्हणून येतो, ओळ संपली की नाही. 23.0 पासून लिनक्सवर बिल्डकिट आपोआप चालू असतं. एक लक्षात ठेवा: पायथनच्या छोट्या 'स्लिम' इमेजमध्ये गिट नसतं. ते टाकावं लागतं, एसएसएच क्लायंटही, मग नोन-होस्ट्सची ओळ, म्हणजे ओळखीच्या सर्व्हरची नोंद.

सर्व्हरला चावी लागत नाही. तो तयार इमेज ओढतो, लायब्ररी आत असतेच.

जुनी चावी त्याच रात्री रद्द केली, रजिस्ट्रीतल्या (इमेज ठेवायच्या कोठारातल्या) जुन्या इमेज उडवल्या.

(नवी इमेज उलगडलेली, एकेका थरात आयडी-आरएसएचा शोध. उत्तर नाही. कर्सर लुकलुकतो.)