ठिकाण सांगा, पावलं मोजू नका

मंडळी, व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा, आभासी जग दाखवणारा पडदा) घालून आभासी कपाशीच्या वावरात उभ्या असलेल्या मुलाला आपण शिकवतो: ‘पुढे जा’ म्हण, मग ‘थांब’ म्हण. गडबड इथेच होते. बोलणं संपलं हे कळायला यंत्र साधारण अर्धा सेकंद शांततेची वाट पाहतं, मग शब्द ओळखतं. सगळं मिळून एक सेकंद धरा. चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे 1.4 मीटर असतो, म्हणजे बघायचं झाड तेवढ्यात मागे पडलं. शिवाय पाय जागेवर आणि डोळ्यांपुढचं वावर सरकतंय, म्हणून मळमळ होते ती वेगळीच.

म्हणून आवाजाने ठिकाण सांगू द्या. ‘विहिरीपाशी ने’, ‘स्टार्टरपाशी ने’, ‘तिसऱ्या तासात (म्हणजे ओळीत) ने’. पडदा क्षणभर काळा करून थेट तिथे पोचवा. वळण 30 किंवा 45 अंशांच्या टप्प्यांनी द्या. ‘इथे’ म्हटलं तर पडद्याच्या मधला ठिपका जिथे टेकलाय ती जागा घ्या. इशारा आणि आवाज यांची अशी जोडी संशोधक रिचर्ड बोल्ट यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत 1980 मध्ये दाखवली होती. माझ्या मते आजही तिच्याइतकं सोपं काही नाही.

आता शब्दांची यादी. आपल्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘वळ’ म्हणताना मूल ‘वय’ म्हणतं. पुस्तकी मराठीवर घडवलेलं यंत्र तिथे अडखळतं. मुलाला दटावू नका. ‘वय’, ‘मांगं’, ‘समोर’ ही रूपं त्या-त्या आदेशाखाली लिहून टाका. वीस-तीस आदेशांची यादी फोनमध्येच बसते, नेट गेलं तरी चालते. नुसता ‘जा’ किंवा ‘हो’ मात्र आदेश म्हणून ठेवू नका, साध्या गप्पांतही तो लागू होतो.

खात्रीची पातळी, म्हणजे शब्द बरोबर ऐकल्याची किती खात्री झाली की यंत्राने आदेश पाळायचा ती, सगळ्या आदेशांना सारखी ठेवणं चूक आहे. ‘थांब’साठी ती कमी ठेवा, चुकून थांबलं तर काही बिघडत नाही. जागा बदलणाऱ्या आदेशांना जास्त ठेवा. वर्गात कूलर सुरू असेल तर माइक ओठांजवळ हवा. पाच मुलं एकत्र बसली की एकाच्या आदेशावर दुसऱ्याचं दृश्य हलतं, तेव्हा बटण दाबून बोलायची सवय लावा.

एआरमध्ये, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या वावरावर खुणा दाखवतात तिथे, गोष्ट निराळी. तिथे चालायचं आपणच, आवाजाने फक्त वाट दाखवणारा बाण किंवा कामाची पुढची पायरी बदलते. हात ग्रीसने भरलेले असताना याचा खरा उपयोग. पण ‘बारावं झाड दाखव’ म्हणताना जपा. मोकळ्या आभाळाखालीही फोनचं जीपीएस पाचेक मीटर चुकतं, आणि संत्र्याची लागवड असते 6 बाय 6 मीटरवर. बाण शेजारच्या झाडावर जाणारच. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी क्यूआर कोडची पाटी लावा, सावलीच्या बाजूने. उन्हात चकाकणारं लॅमिनेशन कॅमेऱ्याला वाचता येत नाही.