एकच तळं, बारा रविवार

(ठाण्यात हौशी छायाचित्रकारांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ठाणेकराला तलावपाळीबद्दल, म्हणजे मासुंदा तलावाबद्दल विचारलं तर तो भराभर सांगतो. बोटी आहेत, मधल्या बेटावर छोटं मंदिर आहे, एका बाजूला कोपिनेश्वराचं देऊळ, एका बाजूला गडकरी रंगायतन हे नाट्यगृह, आणि संध्याकाळी ही गर्दी. मग त्याला विचारा, काठावरच्या दिव्याचं पाण्यातलं प्रतिबिंब कधी नुसता ठिपका असतं आणि कधी लांब पट्टी होतं? इथं तो अडतो. वारा पूर्ण पडला की ठिपका दिसतो. पाण्यावर बारीक लहर उठली की त्याच दिव्याची उभी पट्टी होते, आणि वारा वाढला की पट्टीचे तुकडे पडतात. हजार वेळा डोळ्यांसमोरून गेलेली गोष्ट आहे ही. रोज दिसतं, म्हणूनच आपण पाहायचं सोडून दिलेलं असतं.

आजचा विषय तेवढाच आहे. सोडून दिलेलं पाहणं कॅमेऱ्यानं परत कसं आणायचं? प्रेरणा हवी तर लडाखला जायला पाहिजे, असा एक समज आहे. जरूर जा. पण तिथून येणारे बहुतेक फोटो लडाखचे असतात, तुमचे नसतात. प्रागमध्ये योसेफ सुडेक नावाचा छायाचित्रकार होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता. १९४० पासून पुढे कित्येक वर्षं तो आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवरची वाफ, बाहेरचं झाड, खिडकीतला पेला, एवढाच ऐवज. आपल्याकडेही हौशी माणसांची परंपरा जुनी आहे. आगगाडी ठाण्यापर्यंत आली १८५३ साली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. तिथले सुरुवातीचे एक भारतीय छायाचित्रकार डॉ. नारायण दाजी, पेशानं वैद्य. तेव्हा हौशी म्हणजे कच्चा, असं कुणी मनात आणू नये.

तर पद्धत अशी. एक जागा निवडायची. घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आतली, नाहीतर तिसऱ्या रविवारी जाणं बंद होतं. तलावपाळी, कचराळी, उपवन यांतलं एखादं तळं, वाशीत राहत असाल तर सेक्टरमधलं उद्यान, काहीही चालेल. बारा रविवार, प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं, आणि जास्तीत जास्त ३६ फोटो. छत्तीसच का, तर फिल्मच्या रोलमध्ये तेवढेच असायचे आणि तेवढ्यात माणूस विचार करायला लागायचा. लेन्स एकच. फोनवर मुख्य कॅमेरा, बोटांनी ताणून केलेला झूम बंद. तो झूम पुष्कळदा नुसता कापून मोठा केलेला फोटो असतो. जवळ हवं असेल तर पाय आहेत.

पहिले तीन रविवार मजेत जातात. चौथ्या-पाचव्याला घोडं अडतं: इथलं सगळं काढून झालं, आता काय? बहुतेक जण इथंच जागा बदलतात आणि हातात आलेलं घालवतात. जागा बदलू नका, अट बदला. एक रविवार फक्त प्रतिबिंबं. एक रविवार कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवरच. एक रविवार फक्त हात: वल्हं धरलेले, कणीस भाजणारे, पोराला धरून ठेवणारे. अट जितकी अरुंद, तितका डोळा कामाला लागतो. ख्याल गाणारा एकच राग वर्षभर घोळवतो, तेव्हा त्याला कुणी कंटाळवाणा म्हणत नाही.

आता प्रकाश. इथं जरा थांबू, कारण पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिलेली आहेत. त्यांचा ‘गोल्डन अवर’, म्हणजे सूर्य खाली असतानाचा सोनेरी उजेड, खरंच तासभर चालतो. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथं सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ वर चढतो. साधारण पाऊण तासात तो दहा अंश वर आलेला असतो आणि सोनं उतरलेलं असतं. म्हणजे सूर्योदयाला घरातून निघणारा माणूस उशिरा पोचतो. आधी वीस मिनिटं जागेवर हवं. दुसरं, आपण दोन डोंगरांच्या मध्ये राहतो. पूर्वेला पारसिक, पश्चिमेला येऊर. उपवनला सूर्य येऊरच्या मागे जातो तो पंचांगातल्या सूर्यास्ताच्या आधीच. कागदावरच्या वेळेला पोचलात तर फक्त सावली मिळेल.

आणि सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, आपण राहतो त्र्याहत्तरच्या आसपास. त्यामुळे आपली खरी दुपार सरासरीनं साडेबारा उलटून गेल्यावर होते. मेच्या मध्याला तो अगदी माथ्यावर असतो. तेव्हा डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाखाली सावलीची मिशी येते. माणसाला झाडाच्या किंवा छपराच्या कडेला घ्या, समोर उजेडाची भिंत असेल असं. हाच सूर्य डिसेंबरात भर दुपारीही ५० अंशांच्या वर जात नाही. म्हणून ‘दुपारी फोटो काढू नये’ हा नियम मेमध्ये खरा आणि डिसेंबरात अर्धाच खरा. उगवायची जागाही सरकते, जून ते डिसेंबर जवळपास ५० अंश. जूनमध्ये ज्या गल्लीत सकाळचं ऊन शिरतं, तिथं डिसेंबरात शिरेलच असं नाही. एकाच जागी वर्षभर जाणाऱ्यालाच हे कळतं.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर बावळट असतो, हे एकदा मान्य केलं की पुष्कळ प्रश्न सुटतात. साध्या मोजणीत समोर जे येईल ते मध्यम करडं आहे असं तो धरून चालतो. पांढरं धोतर, पांढरा बगळा, चुन्याची भिंत यांनी चौकट भरली की तो फोटो काळवंडून टाकतो. तिथं उजेड एक स्टॉप वाढवा, म्हणजे दुप्पट करा. काळी छत्री, काळं कुत्रं चौकटभर असेल तर एक स्टॉप उतरवा, म्हणजे निम्मा करा. फोनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथं बांधला जातो, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवायचं. झेंडूची गोष्ट वेगळी. जांभळी नाक्याच्या बाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या राशींचे शेकडो फोटो निघतात आणि निम्म्यांत पाकळीच दिसत नाही, नुसता केशरी डाग. कारण लाल रंगाची नोंद आधी भरून वाहते, बाकीच्या रंगांना जागा असतानाच. उजेड पाऊण स्टॉप कमी करा, पाकळ्यांच्या कडा परत येतात. नंतर फोनवर रंग वाढवायची पट्टी ओढू नका. बाजार आधीच रंगीत आहे.

त्याच बाजारात दोन सापळे आहेत. एक निळी ताडपत्री. तिच्याखाली उजेड निळा होऊन उतरतो, भाजीवाल्या मावशींचा चेहरा आजारी दिसतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा आपोआप दुरुस्त करणारी सोय, कधी सावरतो, कधी टोमॅटो बिघडवून चेहरा सावरतो. मावशी कडेला येईपर्यंत थांबा, ताडपत्री संपते तिथं उजेड स्वच्छ असतो. नाहीच आल्या तर तो फोटो कृष्णधवल करा. दुसरा सापळा दिव्यांचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, फोटोत मात्र काळसर आडवे पट्टे येतात. शटर, म्हणजे ते उघडं राहण्याची वेळ, सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर ठेवा, पट्टे जातात. तेवढ्या शटरला हलणारा हात थोडा पुसट येईल. येऊ द्या.

शटरचं बाकी थोडक्यात. चालणारा माणूस स्थिर हवा तर १/२५०. पावसाच्या रेघा दिसायला १/६०, त्याही मागे काळोखी पार्श्वभूमी असेल तरच. पांढऱ्या आभाळापुढे पाऊस दिसतच नाही. रिक्षा स्पष्ट आणि मागचं दुकान पुसट हवं असेल तर १/३०, आणि रिक्षाच्या वेगानं कंबरेतून फिरायचं, मनगटातून नाही. वीसातला एक साधतो. हे प्रमाण चांगलं आहे.

तळ्याकाठी एक तक्रार हमखास असते: पाण्याची रेघ तिरकी आली. इथं सगळे फोटो फिरवून पलीकडचा काठ आडवा करतात आणि मग इमारती कलंडतात. अहो, तो काठ तुमच्यासमोर काटकोनात नसेल तर तो तिरकाच दिसणार. भरवसा उभ्या रेषेवर ठेवा, म्हणजे चौकटीच्या मधोमधचा दिव्याचा खांब, इमारतीची कड किंवा खांबाचं प्रतिबिंब. ते सरळ असलं की बाकीचं सरळ.

फ्लेमिंगोंचा प्रश्न दरवर्षी येतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. पक्षी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत असतात. पण तारखेपेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक महत्त्वाचं. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथं ते चरतात. भरतीला चिखल बुडाला की नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळांवर येऊन उभे राहतात. म्हणून ऐरोलीहून पक्षी दाखवायला निघणाऱ्या बोटींची वेळ भरतीप्रमाणे बदलते, आणि सीवूड्सला जायचं ते भरतीच्या सुमारास. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. वारा तुमच्या पाठीवर असेल तर ते तुमच्याकडे तोंड करून येतील. उडत्या पक्ष्याला १/१६०० तरी शटर हवं. उडावेत म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे असतात. त्यांच्याशेजारी उभे राहू नका आणि गप्पही बसू नका.

माणसांचे फोटो काढायला अनेकांना भीती वाटते. भीती रास्त आहे, ती पूर्ण जाऊही नये. गिऱ्हाईक असताना विचारू नका, धंद्याची वेळ आहे. आधी कोथिंबीर घ्या, मग विचारा, “काका, एक फोटो काढू का?” नाही म्हणाले तर हसून पुढे. मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यानं हातभर अंतरावरून चेहरा काढला तर नाक मोठं येतं आणि कान मागे जातात. लेन्सला दोष देतात लोक, पण दोष अंतराचा. दीड-दोन मीटर मागे या. आणि बटण दाबण्याआधी चौकटीचे चार कोपरे पाहा. कचऱ्याचा डबा, अर्धा माणूस, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की खांब डोक्यातून निघतो.

पावसाळ्याबद्दल, ज्यांच्याकडे कॅमेरा आणि लेन्स आहेत त्यांच्यासाठी. ठाण्याच्या जुलैत कपाटातल्या लेन्सला बुरशी लागते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी. चामड्याची पिशवी ही तिची आवडती जागा. दहा लिटरचा हवाबंद डबा, तळाला ओल शोषून घेणारं पाव किलो सिलिका जेल, आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर राहिला तर जेल ओलं झालंय, वाळवा. निळं जेल घेऊ नका, त्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारंगी घ्या, आणि कुठलंही जेल असो, स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा उपाय तर विसराच, पीठ आत जातं. एसीच्या खोलीतून बाहेर आलात की अर्धा तास कॅमेरा पिशवीतच बंद राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं आणि घाईघाईनं पुसताना ओरखडा पडतो.

आता निवड. खरं शिक्षण इथं होतं, आणि लोक हाच भाग टाळतात. फोटो काढला, लगेच स्टेटसला टाकला, पंधरा अंगठे आले, विषय संपला. त्या दिवशी काही टाकू नका, काही पुसूही नका. आठवडाभर ठेवा. काढतानाचा वारा, वास, बरोबरच्या गप्पा तोवर डोक्यातून उतरतात आणि चौकटीत प्रत्यक्ष काय आलंय ते दिसतं. छत्तीसातले तीन ठेवायचे. ते चार बाय सहा इंचांत छापून घ्यायचे, आणि मागे एक ओळ लिहायची: काय हवं होतं आणि काय आलं. “छान आला” ही ओळ चालणार नाही.

बारा रविवारांनी ३६ छापील फोटो होतात. ते जमिनीवर पसरा, उभं राहून पाहा. बहुतेकांना एक खोड सापडते. सगळे फोटो डोळ्यांच्या उंचीवरून. सगळ्यांत विषय मधोमध. सगळी माणसं पाठमोरी, म्हणजे विचारायचं धाडस झालेलं नाही. कुणाच्या छत्तीसात एकही माणूस नसतो आणि त्याला स्वतःलाच ते तेव्हा कळतं. सापडलेली खोड लगेच मोडायची घाई नको. पाठमोरी माणसं तुम्हाला खरोखर आवडत असतील तर पुढचे बारा रविवार मुद्दाम पाठमोरीच काढा आणि खांदे, पिशव्या, चाल यांतून माणूस ओळखता येतो का पाहा. भीतीनं काढली असतील तर तेराव्या रविवारी समोरून एक.

आणि एक जास्तीची प्रत छापा. कोथिंबीरवाल्या काकांचा फोटो त्यांना नेऊन द्या, शक्यतो सकाळी, धंदा सुरू व्हायच्या आधी. ते बहुधा तो वजनकाट्यामागच्या फळीला अडकवतील. पुढच्या वेळी शेजारची मावशी स्वतःहून विचारेल, “आणि माझा कधी?”