दोनदा दफन झालेले न्यायमूर्ती

फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चमधील ही कबर न्यायमूर्ती जेम्स विल्सन यांची आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या सहा न्यायाधीशांपैकी ते एक. त्यांचा मृत्यू १७९८ चा, पण या मातीत ते आले १९०६ मध्ये. नॉर्थ कॅरोलिनात उकरलेले अवशेष नौदलाच्या जहाजातून इथे आणले गेले, इंडिपेन्डन्स हॉलमध्ये दर्शनासाठी ठेवले गेले आणि सरन्यायाधीश फुलर यांच्या उपस्थितीत विल्सन यांच्या पहिल्या पत्नी रेचल यांच्या शेजारी त्यांचे पुन्हा दफन झाले.

हे पान जरा जवळून पाहा. १७८७ च्या राज्यघटनेच्या या कच्च्या मसुद्यातील हस्ताक्षर विल्सन यांचे आहे. १७४२ मध्ये स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना या दोन्हींवर सही करणाऱ्या अवघ्या सहा जणांपैकी एक होता. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा, असा आग्रह त्यांनी घटना परिषदेत धरला. तो मान्य झाला नाही. राज्यांच्या प्रतिनिधींची संख्या ठरवताना प्रत्येक गुलामाला तीन-पंचमांश माणूस मोजण्याची तडजोड मांडणाऱ्यांतही ते होते.

१७९३ मधील चिझम विरुद्ध जॉर्जिया हा त्यांचा सर्वात मोठा खटला. युद्धकाळात पुरवलेल्या मालाचे पैसे जॉर्जियाने थकवले होते, आणि मृत व्यापाऱ्याच्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक चिझम यांनी थेट राज्यावरच दावा लावला. राज्य सार्वभौम असते, त्यावर दावा कसा चालेल, या प्रश्नाच्या मुळाशीच विल्सन यांनी हात घातला: ‘सार्वभौम’ हा शब्द घटनेला ठाऊकच नाही, आणि करार मोडणारा व्यापारी न्यायालयाला उत्तरदायी असेल, तर करार मोडणारे राज्यही असले पाहिजे. चार विरुद्ध एक असा निकाल लागला. विरोधात होते ते एकटे न्यायमूर्ती जेम्स आयर्डेल. १७९५ मध्ये अकराव्या घटनादुरुस्तीने हा निकाल निष्प्रभ केला.

जमिनींच्या सट्ट्यात विल्सन बुडाले आणि न्यायाधीशपदावर असतानाच कर्जापायी तुरुंगात गेले.

ही नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडन्टनची खाडी, आणि हे १७६७ मध्ये बांधलेले विटांचे न्यायालय. सावकारांना चुकवत विल्सन या गावी आले, आणि हे गाव होते आयर्डेल यांचे! न्यायालयाशेजारच्या सराईत, तरुण पत्नी हॅना उशाशी असताना, हिवतापाने खंगलेले विल्सन २१ ऑगस्ट १७९८ रोजी वारले. आयर्डेल यांच्या सासरच्या मंडळींच्या, म्हणजे जॉन्स्टन कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. पुढच्याच वर्षी आयर्डेल यांनाही तिथेच पुरले गेले. १९०६ मध्ये विल्सन हलले. आयर्डेल तिथेच आहेत.