कापलेले लाकूड

समोरच्या बाकावर ठेवलेली ही रायफल १९४३ साली टोरांटोजवळच्या लाँग ब्रांच येथील कारखान्यात तयार झाली. ही ली-एनफिल्ड नंबर ४. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांच्या खांद्यावर दिसलेल्या आणि २००८ च्या हल्ल्यातही मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती असलेल्या ‘थ्री नॉट थ्री’च्या घराण्यातलीच ही. लाँग ब्रांचने युद्धकाळात अशा सुमारे नऊ लाख रायफली बनवल्या. पुढे सैन्याने नवी शस्त्रे घेतली आणि १९५० व १९६० च्या दशकांत या जुन्या रायफली कॅनडा-अमेरिकेतील दुकानांत अगदी स्वस्तात मिळू लागल्या.

घेणारे बहुतेक शिकारी होते. दिवसभर जंगल तुडवायचे तर चार किलोंचे ओझे नकोसे होई, म्हणून घरच्याच कार्यशाळेत नळीवरचे लाकूड काढले जाई, पुढचे लाकूड मधोमध करवतीने कापले जाई, लोखंडी कड्या जात आणि संगीन बसवायची जागाही कानशीने घासून टाकली जाई. अशा रायफलीला ‘स्पोर्टर’ म्हणत. हिवाळ्यासाठी घरात मांस हवे असलेल्या माणसाला त्याबद्दल दोष देणे मला योग्य वाटत नाही. मात्र त्या करवतीने नेमके काय कापले गेले, हे समजून घ्यायला हवे.

या रायफलीची नळी बारीक आहे. पुढचे लाकूड तोंडाजवळ तिला खालून किंचित वर रेटते, आणि हा रेटा सैन्याचे कारागीर मोजूनमापून बसवत. लाकूड कापले की तो आधार जातो. जाणता कारागीर मग नळी लाकडापासून पूर्णपणे मोकळी करी. न जाणणारा ती अर्धवट टेकलेली ठेवी, आणि नळी तापली की नेम भरकटू लागे.

म्हणूनच आज जुन्या रायफली जपण्याच्या छंदातले सर्वांत कसाचे काम उलट दिशेने चालते. न कापलेले जुने लाकूड शोधून आणायचे आणि स्पोर्टरला तिचे मूळ रूप परत द्यायचे. हे लाकूड नुसते स्क्रू आवळून बसत नाही. धातूच्या भागावर दिव्याची काजळी धरायची, लाकूड दाबून पुन्हा उचलायचे आणि जिथे काळा डाग उमटला असेल तिथेच पटाशीने कागदाइतका पापुद्रा काढायचा. असे कितीतरी वेळा करावे लागते. मागच्या टोकाला दोन्ही बाजू सारख्याच टेकल्या पाहिजेत, नाहीतर गोळी सुटतानाच्या धक्क्याने लाकूड उभे चिरते. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने याच भीतीने पुढच्या लाकडात आडवा स्क्रू बसवला होता. जाणकार भारतीय रायफल त्यावरून ओळखतात.

बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या बाबतीत हौस बाजूला ठेवावी. बोल्टवरचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळायला हवा. नंबर ४ साठी बोल्टची डोकी ० ते ३ अशा चार मापांत येत. त्यांतले कोणते बसवायचे, हे बंदुकांच्या कारागिराने गेज (मापक) लावून ठरवल्याशिवाय काडतूस भरू नये. भारतात थ्री नॉट थ्री हा सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) आहे. त्यामुळे आपल्याकडच्या परवानाधारकाच्या हाती याच घडणीची ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ रायफल आली.

लाकूड नीट बसले की जवसाचे तेल तळहाताने चोळून जिरवायचे. एक हात सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, त्यामुळे यात आठवडे जातात. दस्त्यावरचे खोलगट पोचे पॉलिश पेपरने घासून काढू नयेत, कारण त्याबरोबर कारखान्याचा शिक्काही जातो. पोच्यावर ओले फडके ठेवून त्यावर तापलेली इस्त्री टेकवली, की वाफेने दबलेले तंतू हळूहळू वर येतात. शिक्का जिथल्या तिथे राहतो, आणि तेलाचा हात फिरला की त्याची अक्षरे पुन्हा वाचता येतात.