तिकीट, सतरंजी आणि दहाची चिठ्ठी

मंडळी, मी गाणारा नाही आणि वाजवणाराही नाही. शाळेत असताना काकांचं बोट धरून मैफलीला जायला लागलो, ते गाणं ऐकायला नव्हे, सतरंज्या झटकायला. काका कार्यकर्ते होते. सतरंजीवरची धूळ नाकात जाऊन पहिल्या बड्या ख्यालाच्या ऐन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, मी शिंकलो होतो. संगीताशी माझा पहिला संबंध तो. तेव्हा आजचं बोलणं श्रोत्याचं, त्यातही मागच्या रांगेतल्या श्रोत्याचं, असं समजा.

आधी तिकिटाबद्दल बोलतो, कारण तिकिटाचं आणि नाशिकचं नातं फार मजेशीर आहे. आपल्याकडे गाणं देवळात असायचं, नाहीतर संस्थानिकांकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी सौराष्ट्रात नाममात्र दर ठेवून जाहीर कार्यक्रम केला. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेला, लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झालेला हा माणूस. दरबारात गवयाने कधी बसायचं, कधी थांबायचं हे मालक ठरवी. चार आण्यांचं का होईना, तिकीट काढलेला माणूस मात्र म्हणू शकतो की गाणं वेळेवर सुरू करा. आणि गवईही म्हणू शकतो की पैसे दिलेत, आता गप्प बसून ऐका. गवयाची अदब पुढे वाढली ती या व्यवहारामुळे, असं माझं मत आहे. पण नुसतं तिकीट विकून ऐकणारा तयार होत नाही हे पलुस्करांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून 5 मे 1901 ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे ते मुंबईत आणलं.

आता गंमत बघा. मुंबईतली इमारत कर्जापायी हातची गेली आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पलुस्करबुवा आपल्या पंचवटीत येऊन राहिले. रामनाम आधार आश्रम काढला. रामनाम, रामायण, भजन. ज्याने गाण्याला तिकीट लावलं, त्याने नाशकात येऊन ते काढून टाकलं म्हणा ना! इंद्रकुंडाजवळच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. तिथे कार्यक्रमाला जाताना मला दर वेळी वाटतं, आज आपण कोणत्या पलुस्करांकडे चाललोय, तिकीटवाल्या की रामनामवाल्या?

त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे आपले गायक डी. व्ही. पलुस्कर, 28 मे 1921 ला इथे नाशकातच जन्मले. 1931 च्या ऑगस्टमध्ये वडील गेले तेव्हा पोर दहा वर्षांचं. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायलं आणि 1955 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेलं. माझ्या पिढीने त्यांना ऐकलं ते तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांवर. तेवढ्या वेळात आख्खा राग उभा करायची विद्या त्यांना होती, कबूल. पण समोर बसून ऐकणारा त्या तबकडीच्या आधीचा अर्धा तासही ऐकतो: तंबोरा जुळतोय, सूर घुमावा म्हणून तारेखाली घातलेला जवारीचा दोरा केसभर सरकतोय, तबलजी तबल्याच्या वाद्या ताणणाऱ्या लाकडी गठ्ठ्यावर हातोडी मारतोय. हे फुकट मिळतं आणि लोक तेव्हाच बाहेर वडा खात असतात.

या जुळवणीत सभागृहाचाही हात असतो. तारेला ऊब लागली की ती सैलावते, सूर उतरतो. गारठ्यात ती आखडते, सूर चढतो. कातड्याचं निराळंच. दमट हवेत तबला उतरतो, वातानुकूलित कोरड्या हवेत चढतो. म्हणजे डोक्यावरच्या दिव्यांनी तंबोरा खाली चाललाय, थंड झोताने तबला वर चाललाय, आणि मध्ये बिचारा गवई! एका सभागृहात, नाव घेत नाही, झोत नेमका तबल्यावर येई. व्यवस्थापकाला विनवलं तर म्हणाले, ‘काका, एसी बंद केला तर पब्लिक ओरडतं.’ शेवटी आमच्यातला एक जण जाळीवर पुठ्ठा धरून दीड तास उभा राहिला. त्या मैफलीतलं खरं बिदागीचं काम त्याचं.

आणखी एक. माणसाचं अंग आणि कपडे आवाज पितात. रिकाम्या सभागृहात दुपारी आवाज तपासला की भिंती घुमतात, ध्वनिव्यवस्थेवाला त्याप्रमाणे बटणं लावतो, आणि संध्याकाळी खुर्च्या भरल्या की तोच आवाज मऊ पडतो. हिवाळ्यात स्वेटर-शाली घातलेले नाशिककर आले की आणखीच. सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं, त्याच्या आवारातल्या साईखेडकर नाट्यगृहात मला हा त्रास कमी जाणवतो, कारण जागा आटोपशीर. गवयाचा श्वास ऐकू येतो. शालिमारच्या कालिदास कलामंदिरात ऐसपैस बसायला मिळतं, पण शेवटच्या रांगेतून चेहरा दिसत नाही. आणि गाणं चेहऱ्यावरही असतं, निदान मला तरी.

उघड्यावरचा मामला वेगळाच. गंगेवर — आपल्यासाठी गोदावरी ही गंगाच — यशवंतराव महाराज पटांगणावर, किंवा दिवाळीत पाडव्याच्या पहाटे पिंपळपारावर, ना भिंत ना छप्पर. पिंपळपारावर तर मुख्य श्रोता झाडच. नेहरू चौकातल्या जुन्या घरांच्या गॅलऱ्यांत म्हाताऱ्या शाल पांघरून बसलेल्या, खाली अभ्यंगस्नान करून आलेली मंडळी, उटण्याचा वास. तिकीट नाही. म्हणून कोणीही येतो आणि कोणीही उठतो. पण अर्धवट झोपेतून आलेलं एखादं पोर ललत ऐकत बापाच्या मांडीवर पुन्हा झोपतं, ते तिकीटवाल्या सभागृहात कुठे घडणार?

मोकळ्या जागेत एक हिशेब लक्षात ठेवा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. गवयापासून 34 मीटरवर बसलात तर सूर दशांश सेकंद उशिरा पोचतो. द्रुत तीनताल मिनिटाला 300 मात्रांच्या, म्हणजे ठोक्यांच्या, लयीत चालला असेल, तर ही झाली अर्धी मात्रा! मागच्याने अगदी समेवर दाद दिली तरी ती परत मंचापर्यंत पोचेस्तोवर मात्रा होऊन गेलेली असते. तेव्हा मागून येणाऱ्या ‘वाह’ला पुढच्यांनी हसू नये. तो माणूस बेताला नाही, लांब आहे.

आता माझी खरी तक्रार. आपल्याकडे रागांना दिवसाची ठरलेली वेळ असते. पहाटेचे राग आपल्याला पाडव्याला ऐकायला मिळतात, म्हणजे वर्षातून एखादा ललत, एखादा अहिरभैरव. एरवी सगळे कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाचे, म्हणजे मारवा, पूरिया, यमन, बागेश्री. यमनाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तोडी कधी ऐकायची? दुपारचा सारंग? ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आल्यापासून रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, काही ठरावीक दिवसांची सवलत सोडली तर. नियम योग्यच आहे, गंगेवर दवाखानेही आहेत आणि परीक्षा देणारी मुलंही. पण त्यापायी मध्यरात्रीचा दरबारी पावणेदहाला उरकावा लागतो. बंद सभागृहाला हा नियम तसा लागू नाही, तिथे घाई असते ती भाड्याच्या वेळेची आणि शेवटच्या बसची. सोहनी, परज यांची वेळ उजाडायच्या आधीची. त्या प्रहरी ते ऐकलेली माणसं या सभागृहात किती असतील? हात वर करा. ... चार. त्यातले दोघे माझ्याच वयाचे.

एकदा मी एका बुजुर्ग गवयांना, विलंबित म्हणजे संथ लयीतलं गाणं ऐन रंगात असताना, दहाच्या सुमारास आयोजकांची चिठ्ठी जाताना पाहिली. त्यांनी ती वाचली, घडी घालून जाकिटाच्या खिशात ठेवली आणि वीस मिनिटं तोच राग गात राहिले. मग शेवटची भैरवी. नंतर मी विचारलं, चिठ्ठीत काय होतं? म्हणाले, ‘चष्मा नव्हता.’

माझ्याकडेही आत्ता चिठ्ठी आलीय. चष्मा माझ्या डोळ्यावर आहे, त्यामुळे मला ती सोय नाही. खुर्च्या उचलायला मात्र थांबतो.