खुर्चीवर कोण, मागे कोण

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

लग्नाच्या मांडवात घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची वेळ आली, की मी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून आधी खुर्च्या मोजते. पाच असतील तर एक पेच पडतो आणि सात असतील तर वेगळाच. आजी-आजोबांना खुर्ची द्यायची, दोन्हीकडच्या आईवडिलांना द्यायची, हे सर्वांना मान्य असते; पण मग थोरल्या काकांना बसवले आणि मामांना मागे उभे केले, तर ज्या मामांनी तासाभरापूर्वी भाचीला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणले, त्यांच्या कपाळावरची आठी त्या फोटोत कायमची उमटते. कुटुंबाच्या फोटोत उजेडाची मांडणी असते तशी नात्यांचीही असते, आणि ज्याला नाती वाचता येत नाहीत त्याला लाखाचा कॅमेराही तारत नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे. बाकी जे सांगेन ते या एका गोष्टीच्या अवतीभवतीचे असेल.

मी या धंद्यात आले ती लग्न होऊन. १९९१ साली जेल रोडजवळच्या एका फोटो स्टुडिओवाल्या घरात सून म्हणून आले आणि मामंजींनी पहिली दोन वर्षे मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. डार्करूममध्ये प्रिंट धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे आणि वाळेपर्यंत त्यांतल्या मंडळींकडे बघून कोण कोणाचे कोण ते ओळखायचे, ही माझी शिकवणी. ग्राहक प्रिंट न्यायला आला, की मामंजी गप्पांच्या ओघात त्याच्याकडून नाती काढून घेत आणि माझी उत्तरे तपासत. सुरुवातीला निम्मी चुकत. हळूहळू ध्यानात आले, की नवी सून सासूला खेटून उभी असली तरी तिचा खांदा माहेरच्या माणसांकडे किंचित वळलेला असतो. घरात राहणाऱ्या मावशीच्या कडेवर कोणाचे तरी मूल असतेच. आणि घरजावई हमखास मागच्या रांगेत कडेला सापडतो, जणू कोणी बोलावले तर लगेच बाहेर पडता यावे. मामंजींचे म्हणणे असे, की लेन्स सहा महिन्यांत शिकता येते, नात्यांना वेळ लागतो.

या शहराला आमच्या धंद्याचा वारसा मोठा आहे. लाला दीनदयाळ १८६६ साली इंदुरात बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याच्या कामावर आले आणि १८७४ साली त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिले आणि सर हेन्री डेली यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली; आपल्या डेली कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे डेली. पुढे हैदराबादच्या निजामाने दीनदयाळांना ‘राजा’ हा किताब दिला. पण सुरुवात इथली, आणि तीही नोकरी सांभाळून केलेली. तो ओल्या काचांचा काळ होता. काचेवर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच काच धुऊन काढायची. फोटो घेतानाचे ते काही सेकंद समोरचा माणूस हलला, तर चेहऱ्याच्या जागी धूर दिसे. उभ्या माणसापेक्षा बसलेला माणूस कमी हलतो, म्हाताऱ्या माणसाला तर उभे ठेवणे अशक्यच. माझे अनुमान असे, की आपल्या घरगुती फोटोंत खुर्ची आली ती मुळात माणूस हलू नये म्हणून. पुढे कॅमेरे सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो घेऊ लागले तरी ती गेली नाही, कारण तोवर ती मानाची झाली होती. दरबारी छायाचित्रांनी त्या मानाला हातभार लावला असणार.

दीनदयाळांची आणखी एक गोष्ट मला जवळची वाटते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तेथे काम पाहायला एक इंग्रज बाई नेमली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी इंदुरात मला पहिले स्वतंत्र काम मिळाले ते नेमक्या याच कारणाने. रामबागेतल्या एका घरात नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर नको होता, म्हणून मामंजींनी यशिका कॅमेरा माझ्या हाती दिला आणि ‘१२० नंबर’ फिल्मचे दोन रोल मोजून दिले. एका रोलवर १२ फोटो, म्हणजे २४ वेळाच बटण दाबण्याची मुभा. त्या कॅमेऱ्याच्या वरच्या खिडकीतून वाकून पाहावे लागते आणि चित्र उजव्याचे डावे दिसते. नवरी डावीकडे झुकली की मी उजवीकडे सरकत होते आणि खोलीतल्या बायका हसत होत्या. त्या हशामुळेच फोटो बरे आले असावेत.

त्या खोलीत मला जे दिसले ते मांडवात कधी दिसले नव्हते. हिरवा चुडा भरताना सगळ्या जणी नवरीभोवती गोळा झाल्या आणि तिची आत्या, जिने आठवडाभर घर डोक्यावर घेऊन काम केले होते, ती आपण होऊन दाराशी सरकली. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. तिला कोणी जा म्हटले नव्हते. मी बोलावले तर म्हणाली, “माझा नंतर काढ गं.” हे ‘नंतर’ मी पुढे शेकडो वेळा ऐकले आणि ते कधीच येत नाही, हेही पाहिले. आग्रह केला तर अशी बाई आणखी मागे जाते आणि सगळ्यांसमोर तिची अवघडलेली अवस्था होते. म्हणून मी एक युक्ती काढली. अशा आत्याला, काकूला किंवा आजीला मी सांगते, “मला जरा उजेड तपासायचाय, तुम्ही नवरीजवळ उभ्या राहता का?” कामाला म्हटले की त्या लगेच येतात. नवरी ओळखते, आत्याचा हात धरते आणि मी उजेड तपासते. तपासणीचा म्हणून काढलेला तो फोटो अल्बममध्ये पुष्कळदा लागत नाही. पण दहा-पंधरा वर्षांनी घरचे लोक आत्याचा एखादा चांगला फोटो शोधत येतात, तेव्हा माझ्याकडे तोच एक असतो.

आता मांडवातले थोडे सांगते. अंतरपाट दूर होतो तो क्षण सेकंदाचाही नसतो आणि त्याच क्षणी अक्षतांचा वर्षाव होतो, त्यामुळे कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा फोकस उडणाऱ्या तांदळावर किंवा डोळ्यांपुढे डुलणाऱ्या मुंडावळीवर जाऊन बसतो आणि चेहरा धूसर येतो. शेवटचे मंगलाष्टक सुरू झाले, की मी फोकस चेहऱ्याच्या अंतरावर पक्का करून टाकते आणि मग त्याला हात लावत नाही. अष्टपुत्री या लग्नातल्या पिवळ्या साडीचा रंग नवरीच्या हनुवटीखाली चढतो, तोही आवरावा लागतो. रंगमंचामागच्या एलईडी भिंती आणि जांभळे दिवे यांविषयी मात्र मी फार बोलणार नाही. नवरीला कावीळ झाली आहे की ती गोठली आहे, हे त्या उजेडात ठरवता येत नाही.

सूनमुखावर मात्र थांबायला हवे, कारण आमच्या कामातली सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर जागा ती आहे. सासू सुनेला जवळ घेऊन बसते आणि आरशात तिचे मुख पाहते. नवशिका आरशाच्या चौकटीवर फोकस करतो आणि चौकट लख्ख, चेहरे धूसर असा फोटो घेऊन येतो. आरशातला चेहरा आरशाच्या पृष्ठभागावर नसतो. आरसा माझ्यापासून दोन मीटर आणि चेहरे आरशापासून अर्धा मीटर असतील, तर फोकस अडीच मीटरवर धरावा लागतो. फ्लॅश सरळ मारला तर तो आरशातून परत येऊन सगळे पांढरे करतो, म्हणून तो छताकडे वळवायचा. शिवाय सासू आणि सून माझ्याकडे पाठ करून बसलेल्या असतात. म्हणजे मला फोटो काढायचा आहे तो त्यांच्या एकमेकींकडे पाहण्याचा, आणि माझ्या दृष्टीने ते पाहणे फक्त त्या वीतभर काचेत घडते. सासूची नजर तिथे जी असते, ती पुढे रिसेप्शनला उरत नाही.

एकत्र फोटोकडे परत येते. जागा अपुरी असली, की हल्लीची मुले रुंद लेन्स लावतात आणि सगळ्यांना चौकटीत बसवतात. रुंद लेन्समध्ये कडेची माणसे आडवी ताणली जातात. कडेला कोण असते? लांबचे नातेवाईक, धाकट्या सुना आणि आपण होऊन मागे राहणारे. आधीच ज्यांना मधली जागा मिळालेली नाही, त्यांनाच फोटोत जाड करून ठेवायचे, हा दुहेरी अन्याय आहे. मी ५० मिलिमीटरची लेन्स लावते, अंगणाच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे जाते आणि तरीही माणसे मावली नाहीत तर एका मोठ्या फोटोऐवजी दोन काढते. मिटलेल्या डोळ्यांचा प्रश्न तर ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी गणिताने सोडवला आणि त्याबद्दल त्यांना २००६ साली इग्नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले: वीसपेक्षा कमी माणसे असतील, तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने आणि कमी उजेडात दोनने भागावे, तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतात. मामंजी कोणत्याही जमावाचे पाच फोटो काढत. चांगल्या उजेडात १५ माणसांपुरते त्यांचे गणित बरोबर होते.

नवरा-नवरीचा एक फोटो इंग्रजी पेहरावात आणि एक पैठणी-फेट्यात हवा, असा आग्रह हल्ली असतो आणि वडीलधारी मंडळी त्यावर नाके मुरडतात. त्यांना मी यशवंतराव होळकर दुसरे यांची आठवण करून देते. बर्नार्ड बुते द मोन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने १९२९ साली त्यांना पाश्चात्त्य पोशाखात रंगवले आणि पुढे काही वर्षांनी मराठी राजवेषात. मॅन रे या अमेरिकन छायाचित्रकारानेही महाराज आणि संयोगिताराणींचे फोटो काढले, तेही दरबारी थाटाचे नव्हेत तर दोघे एकमेकांच्या सहवासात मोकळेपणाने हसतानाचे. तेव्हा दोन पेहराव आणि मोकळे हसू या गोष्टी इंदुराला नव्या नाहीत.

लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी लोक माझ्याकडे येतात, त्यात दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारचे लोक फिकट झालेले फोटो घेऊन येतात. १९५० च्या सुमाराचे कृष्णधवल फोटो नीट धुतलेले असतील तर आजही खणखणीत आहेत, आणि ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो मात्र लाल-तांबूस पडले आहेत, कारण त्या कागदातला निळसर रंग आधी उडतो. ते काम सोपे आहे. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना फोटोतून कोणाला तरी काढून टाकायचे असते. मोडलेल्या लग्नातला जावई, वाटण्यांनंतर बोलणे बंद झालेला भाऊ. फोटोवर हक्क माझा आहे, असे म्हणून मी त्यांना अडवू शकत नाही. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. मी ती प्रत करून देते, पण मूळ फाइल आणि जुनी निगेटिव्ह पुसत नाही आणि तसे सांगून टाकते. एकदा एका ताईंनी जावयाला काढायला लावले, तेव्हा त्याच्या खांद्यावर ठेवलेला त्यांच्याच आजीचा हात हवेत लोंबकळत राहिला. तो पाहून त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि प्रत न घेताच गेल्या.

मी लोकांना सांगते, की फोटोच्या मागे नावे लिहा. मऊ पेन्सिलने आणि हलक्या हाताने लिहा, कारण बॉलपेनची शाई पुढे उमटते आणि जोर दिला तर चेहऱ्यावर वळ उठतो. गेल्या दिवाळीत एक मुलगी तिच्या आजीचा अल्बम स्कॅन करायला घेऊन आली होती. आजीने प्रत्येक फोटो सोडवून मागे डावीकडून क्रमाने नावे लिहिली होती, खुर्चीवरचे वेगळे, मागचे वेगळे. त्यात मी १९९४ साली काढलेला सूनमुखाचा एक फोटो निघाला. तेव्हा मला आरशाचा कोन साधला नव्हता आणि काचेच्या कडेला, यशिकावर वाकलेली, माझी मान आली होती. मामंजींनी त्यावरून मला बोल लावला होता आणि तो प्रिंट देऊ नये असेही म्हटले होते. मी तो उलटा करून पाहिला. मागे लिहिले होते: “आरशात: मी, सूनबाई आणि फोटोवाल्यांची सून.”