दमाची जागा

श्रोतेहो, नमस्कार.

अमळनेर तालुक्यात तापीकाठच्या एका गावात माझ्या मामांचा अकरा जणांचा बँड आहे. दहा वर्षांचा असताना मी त्यात पहिल्यांदा उभा राहिलो. खुळखुळेवाला तापाने पडला होता, लग्नाची सुपारी घेऊन झाली होती आणि मामांनी खुळखुळा माझ्या हातात दिला. "ढोलकडं कान ठेव, बाकी काही बघू नको," एवढंच ते म्हणाले.

ढोल आबांकडे. आबा सालदार, म्हणजे मालकाच्या शेतावर वर्षाच्या बोलीने राबणारा गडी. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठरतं हे तुम्हाला माहीतच आहे, आणि आखाजी म्हणजे लग्नांचीही दाट तिथी. सकाळी मालकाच्या ओसरीवर वर्षभराचा हिशोब करायचा, संध्याकाळी ढोल गळ्यात घालायचा, असं आबांनी कितीतरी वर्षं केलं. ताशा वाजवणारा पंक्चर काढतो. ट्रम्पेटवाले धाकटे मामा केळीच्या गाड्या भरतात. क्लॅरोनेट थोरल्या मामांचं.

वाजवायच्या आधी मामा क्लॅरोनेटची पत्ती तोंडात धरून बसत. वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, पत्ती लाकडासारखी कोरडी पडते, मग ती ओठांत भिजवत ठेवावी लागते. तेवढा वेळ मामा कुणाशी बोलत नसत. नवरदेवाचा बाप येऊन घाई करो, मामा नुसता हात वर करत. थंडीत वेगळं काम: कडब्याचा जाळ करून ताशाचं कातडं शेकायचं, बोटाने टिचकी मारून आवाज उघडला की बघायचं.

साक्री-नवापूरच्या पट्ट्यात आदिवासी बांधवांची पावरी तुम्ही ऐकली असेल. वाळवलेल्या दुधी भोपळ्यात नळ्या बसवून मेणाने बंद केलेलं ते वाद्य. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरीवाला गाल फुगवून नाकाने श्वास ओढतो आणि सूर तुटू देत नाही. क्लॅरोनेटवाल्याला हे सहसा जमत नाही. त्याला कुठेतरी थांबून दम घ्यावाच लागतो. आमच्या बँडची सगळी मजा मला त्या थांबण्यात सापडली.

अहिराणी गाण्याचं धृपद दोनदा वाजलं, मामांनी क्लॅरोनेट ओठांपासून काढलं, की त्याच क्षणी आबांच्या दोन्ही टिपऱ्या ढोलावर पडत. सूर थांबलेला, फक्त ढोल, मागे ताशाची तड-तड आणि माझा खुळखुळा. आणि पोरं नेमकी तिथेच सगळ्यात जोरात नाचत. मामांनी चार श्वास घेतले की आबा मान हलवत, आणि क्लॅरोनेट परत वर चढे. मागून कुणीतरी ओरडे, "वाजाड रे भो!" मला अजूनही वाटतं, डीजेच्या भिंतीतून कितीही आवाज निघाला तरी त्यात ही मान हलवणारा माणूस नसतो.

श्रावणात लग्नं नसतात, पण कानबाई असते, आपल्या खान्देशातली घरोघरी बसणारी देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, घराघरात रोट होतात आणि सोमवारी सकाळी डोक्यावरून नदीला निघते. त्या मिरवणुकीत बायका फुगड्या घालतात, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, आणि बँड सगळ्यांचा असतो. तिथे मामा बोली लावत नाहीत. जो नारळ देईल तो घेतात.

गेल्या श्रावणात मी गावी गेलो होतो. मामा आता सत्तरीला आलेत. धृपद दोनदा वाजवणं जड जातं, एकदाच वाजवून ते थांबतात. आबांनी तेवढी जागा वाढवून घेतली आहे. मामा गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होते, आबा त्यांच्याकडे बघत ढोल वाजवत होते, मान हलवायची घाई करत नव्हते. फुगडी घालणाऱ्या बायका "अजून, अजून" म्हणत होत्या.